उजवीकडे कलणारी गाडी

हेस्टरनं मला ट्रेलर लावून द्यायला बोलावलं. इंग्लंडातल्या आमच्या क्लनच्या टेकड्यांत ट्रेलरवाले पुष्कळ आहेत. पण जुन्या छोट्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर. चढवताना ते घासलं की मालकाच्या काळजालाच ओरखडा पडतो. म्हणून लोक मला बोलावतात, आणि मीही जरा मिजाशीतच जातो.

गाडी तिच्या वडिलांची, विल्फची होती, हिरवी, दोन माणसांची. विल्फ वसंतात गेला. तेव्हापासून त्याची बायको एनिड रोज दुपारी चहाचा मग घेऊन शेडमध्ये यायची आणि गाडीत डावीकडच्या, सोबत्याच्या जागी बसून राहायची. आधी तासभर, मग अंधार पडेपर्यंत. जेवण सुटलं होतं, मनगटं काडीसारखी झाली होती. गाडी नजरेआड झाली तर आई घरात येईल, दोन घास खाईल, या आशेवर हेस्टरनं लेम्स्टर गावचं गिऱ्हाईक शोधलं होतं.

मी गेलो तेव्हाही एनिड गाडीतच होती.

"उतरता का, मिसेस प्राइस? गाडी न्यायचीय."

"ने की. मी कुठे अडवलंय? चहा तरी संपू दे."

ती उतरली. गाडीची डावी बाजू हळूच वर आली. उजवी तशीच दबलेली राहिली. स्प्रिंगा थकल्या असतील, असं म्हणून मी कामाला लागलो.

चढ सौम्य व्हावा म्हणून जादा फळ्या टाकल्या, विंचच्या तारेनं गाडी ओढून वर घेतली. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला, गाडी मागेपुढे सरकवत भार बेताचा आणला. सगळं बरोबर. ट्रेलर मात्र उजवीकडे कललेला.

टायरांतली हवा पाहिली. ठीक. गाडी उतरवून उलट्या तोंडानं चढवली, तर कलही बाजू बदलून गेला. म्हणजे दोष गाडीत. वाकून पाहिलं. स्प्रिंगा कोऱ्या होत्या, विल्फनंच जाण्याआधी बसवलेल्या. डाव्या चाकावरच्या फटीत चार बोटं जात होती, उजवीकडे दोनच. चालकाची जागा रिकामी होती. मी तिच्यावरून हात फिरवला, आणि नसता फिरवला तर बरं झालं असतं. बाहेर नोव्हेंबरचं धुकं होतं, आणि सीटचं कातडं कोमट होतं.

गाडी पुन्हा सरळ चढवून मी पट्टे आवळले.

"किती नाचवशील रे तिला?" हेस्टर म्हणाली. "प्रेमातबिमात पडलास की काय?"

"एका बाजूला कलतेय. रस्त्यावर डुलेल. डावीकडे वाळूचं पोतं ठेवतो."

पोतं सीटवर टेकतं न टेकतं तोच एनिड बाहेर आली. धड उभंही राहवत नव्हतं बिचारीला, पण आवाज खणखणीत.

"काढ ते! माझ्या जागेवर वाळू ठेवतोस होय रे?"

"आई, अगं, गाडी विकलीय आपण."

"तू विकलीस." मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, "थोडी डुलेल. डुलू दे."

मी पोतं काढलं. खरं सांगतो, मला तिथून निघायचं होतं. हेस्टरनं आईला चुलीशेजारी बसवलं, समोर गरम सूप ठेवलं, फोन हाताशी ठेवला.

"मी येईपर्यंत संपव हं सगळं."

"बरं," एनिड म्हणाली. पण तिची नजर खिडकीबाहेर ट्रेलरवर होती.

मी आणि हेस्टर माझ्या जीपमधून निघालो. मागे ट्रेलर डुलत होता, प्रत्येक वळणावर जीपचं स्टिअरिंग हाताला हिसके देत होतं. दोन्हीकडची कुंपणं धुक्यात बुडाली होती.

चढ संपता संपता मागून एक हलका धक्का बसला. कुणी गाडीत बसताना लागतो, तेवढाच.

डुलणं थांबलं.

"बघ, उगाच घाबरवत होतास," हेस्टर म्हणाली.

मी जीप कडेला घेतली. उतरून गाडीच्या चाकांवरच्या फटींत बोटं घालून पाहिली.

दोन्हीकडे दोन.

डावीकडचा पट्टा सैल पडला होता. आत पाहायची माझी छाती झाली नाही. मान खाली घालून मी तो आवळला.

हेस्टर जीपला टेकून घरी फोन लावत होती. बराच वेळ कानाशी धरला. मग माझ्याकडे पाहून हसली. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"उचलत नाहीये," ती म्हणाली. "जेवतेय वाटतं."