तिवाट्यावरची बॅटरी

केदारखेड्याच्या फाट्यावर सकाळचा चहा प्यायला आम्ही दोघे नेमाने जातो. मी निवृत्त मास्तर; आणि बिभीषण, जो कशातूनच निवृत्त होत नाही. त्याचा आवडता विनोद म्हणजे त्याची भावजय बायनाबाई. "आमची वयनी चार्जिंगवर चालती, गुरुजी," असं तो सगळ्या टपरीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायचा.

बायनाबाईच्या कमरेत, कातडीखाली, काडेपेटीएवढी बॅटरी आहे. तिच्यातून दोन तारा मणक्याशी गेल्या आहेत. बारीक करंट सुटतो आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. दुखण्याच्या जागी नुसत्या मुंग्या येतात. तिची मुलगी रेणुका संभाजीनगरला नर्स आहे, तिने हे जुळवून आणलं. त्याआधी बायनाबाई कितीतरी वर्षं डावा हात गुडघ्यावर ठेवून, ओणवी चालायची.

कंबर मोडली कशी, याबद्दल दोन मतं होती. बिभीषण म्हणायचा, बैलानं उडवली. बायनाबाई म्हणायची, बांधाच्या भांडणात भाऊजींनी विहिरीच्या दगडी थारोळ्यावर ढकललं. गावानं बिभीषणचं मानलं, कारण ट्रॅक्टर त्याच्याकडे होता. बैल पुढे विकला गेला. त्याची साक्ष कुणी काढली नाही.

गेल्या उन्हाळ्यात बॅटरी संपली. डॉक्टरांनी नवी बसवली आणि जुनी बायनाबाईने मागून घेतली. "माह्या अंगातली चीज हाय. दवाखान्यात कशाला ठिवू?"

अमावस्येला तिने ती स्वतःवरून उतरवली आणि तिवाट्यावर नेऊन ठेवली. उतारा उचलला की पीडा उचलणाऱ्याला लागते, असं म्हणतात. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी आमच्या घरातले असले प्रकार बंद झाले, त्यामुळे उतारा ओलांडायला माझी काहीच हरकत नव्हती. तरी सकाळी चहाला जाताना मी बाजूने गेलो. दहीभाताने चप्पल भरते.

बिभीषण मात्र थांबला. भाकर, दहीभात आणि वर हळदकुंकू लावलेली बॅटरी.

"पाह्यलं का गुरुजी, आता भुतं बी लाइटीवर!"

त्याने भाकर पायाने उडवली आणि बॅटरी पुसून सदऱ्याच्या खिशात टाकली. समोरच्या ओट्यावर बायनाबाई तूर निवडत होती. तिने पाहिलं. पुन्हा सुपात नजर घातली.

संध्याकाळी खिसा रिकामा होता. फाटलेला नव्हता.

दुसऱ्या सकाळी तो टपरीवर ओणवाच आला. उसण भरली म्हणाला. पुढच्या आठवड्यात बसणंही जमेना. बशी हातात धरून तो उभ्यानेच चहा प्यायचा. टपरीची पायरी चढताना त्याने डावा हात गुडघ्यावर ठेवला. टपरीवाल्याने उगाच गाळणं झटकलं.

"गुरुजी, ही कळ आतून खाऊन राह्यली मला."

जालन्याला मी सोबत गेलो. एक्स-रे काढणाऱ्या मुलीने पडद्याकडे बघत विचारलं, "काका, मशीन कधी बसवलं?"

"कोन्तं मशीन?"

पडद्यावर कमरेच्या जागी एक चौकोन होता. दोन तारा मणक्याला लागून वर गेल्या होत्या. डॉक्टरांनी सदरा वर करून पाहिलं. टाका नव्हता, वण नव्हता. त्यांनी त्या जागी बोटं दाबली आणि मग हात धुतले. बराच वेळ धुतले.

"याला मी हात लावणार नाही," ते म्हणाले.

तिथून आम्ही थेट बायनाबाईच्या ओट्यावर.

"वयनी, काढा हे."

"म्या कुठं घातलं, भाऊजी? तुमीच उचललं."

"पाया पडतो. बांध घ्या, सगळा घ्या."

"बांध ऱ्हाऊ द्या. बैलाचं सांगा."

बिभीषणने माझ्याकडे पाहिलं. मी सुपातल्या तुरीकडे पाहिलं.

"मीच ढकललं," तो म्हणाला.

"मला ठाव हाय. गावाला सांगा."

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, चौकात त्याने सांगितलं. बैल नव्हता. मी ढकललं. एकाने चालू मोटारसायकल बंद केली, एवढंच. बायनाबाई पारावर ताठ बसून ऐकत होती.

"झालं का, वयनी? आता तरी सोडा."

ती हसली. अगदी मायेने.

"भाऊजी, माह्या दुखण्याचं पह्यलं वरीस आज कुठं सरलं तुमच्यात."

"मंग?"

"दुसऱ्या वर्सात डावा पाय बधिर झाल्ता माहा."

बिभीषण वळला आणि घराकडे निघाला. मी मागून चाललो.

वाटेवर बाभळीचे काटे पडले होते, उन्हाने पांढरे झालेले. मी ते चुकवत होतो.

तो चुकवत नव्हता.

त्याची डावी चप्पल चौकातच राहिली होती, आणि हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.