रिकाम्या खुर्चीची नोंद

खोलीत एक खुर्ची, एक यंत्र, आठाच्या आकड्यासारखी एक कॉइल, संगणकाचे दोन पडदे, तीन तारा आणि आम्ही दोघी बहिणी होतो.

पाच वर्षांत ताईवर सहा औषधं वाया गेली होती. ती दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. न हटणाऱ्या नैराश्यासाठी आमच्या विभागात डोक्याला चुंबकीय स्पंदनं देतात. यंत्र मीच चालवते. डॉक्टर हो म्हणाले, भावोजींनी सही केली. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस.

पहिल्या दिवशी मात्रा ठरवायची असते, शेवटच्या दिवशी पुन्हा ताडून बघायची. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तारा चिकटवायच्या, डोक्याच्या डाव्या बाजूला कॉइल टेकवायची. स्पंदन दिलं की अंगठा उडतो. पडद्यावरची रेघ पन्नास मायक्रोव्होल्टच्या वर गेली तर प्रतिसाद धरायचा; दहात पाच वेळा गेली की मात्रा ठरली. ताई अंगठ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "चिमणे, हा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो."

कितीतरी महिन्यांनी तिने थट्टा केली होती. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

चौथ्या आठवड्यात ती केस विंचरून यायला लागली. झोप लागायला लागली. प्रश्नावलीतला आकडा एकोणतीसवरून सातवर आला. फक्त मला चिमणी म्हणणं थांबलं. आईच्या शेवटच्या दिवसांचा विषय काढला, तर तिने शेजारणीची हकीकत ऐकावी तसा नीट ऐकून घेतला आणि वाईट झालं म्हणाली. एकदा कॉइल बसवताना म्हणाली, "तुमचा हात हलका आहे हो."

मी भावोजींना सांगितलं. ते म्हणाले,

"ती हसतेय ना? मग आता खुसपट काढू नकोस. पाच वर्षं मी कशी काढली, माझं मला ठाऊक."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही.

पेशंट उठला की आधी तारा यंत्रातून काढायच्या, मग कॉइलमधून हवेत एक स्पंदन सोडून ती तपासायची, असा आमचा नियम आहे. शेवटच्या दिवशी ताईला जिन्यापर्यंत सोडायच्या नादात मी तारा काढायला विसरले. तिने हातावरून सोडवलेल्या तारा खुर्चीच्या दांडीला चिकटून राहिल्या होत्या. कॉइल रिकाम्या उशीपाशी होती. परत येऊन मी बटण दाबलं.

रेघ उठली.

विजेचा अडथळा असणार. मी पंखा बंद केला, दिवे बंद केले, तारा बदलल्या, दांडी स्पिरिटने पुसली.

पुन्हा उठली. स्पंदनानंतर बावीस मिलिसेकंदांनी. डोक्यातून निघालेला आदेश अंगठ्यापर्यंत पोचायला साधारण एवढाच वेळ लागतो.

खिडकीतून खाली पाहिलं. ताई गाडीत बसत होती. भावोजी काहीतरी बोलले, ती मान मागे टाकून हसली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी खिडकी लावून घेतली.

स्टूल खुर्चीजवळ ओढलं. स्पंदनं बंद केली. नोंद तेवढी चालू ठेवली.

दर दहा सेकंदांनी एकदा, अशी दहा वेळा हाक मारली.

"ताई."

सात वेळा, पन्नास मायक्रोव्होल्टच्या वर.