डिस्क संपल्यानंतरची जागा

“गेलेल्या माणसाच्या वस्तू इतक्या उकरू नयेत गं,” आई म्हणाली.

“मला फक्त बाबांचा आवाज हवाय. तुला नकोय का?” ताई फणकारली.



पटलं नाही तर वाचू नका, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. गेल्या रविवारी, भर दुपारी, आमच्या मागच्या खोलीत घडलंय. मी बाहेर होतो. ताईनं सांगितलं तसं सांगतो.

बाबांनी जायच्या आधी अख्ख्या डिस्कची नक्कल एकाच फाइलमध्ये करून ठेवली होती. डिस्क इमेज. त्यातच त्यांची रेकॉर्डिंग्ज. पण फाइल अवाढव्य. अर्ध्यापुढे गेलं की जागेचा आकडा ती वाचणाऱ्या प्रोग्रामच्या कोडमध्ये मावायचा नाही, उलटा फिरून वजा व्हायचा. मागायचं एक, हाती यायचं भलतंच.

असलं कोड दुरुस्त करणं हीच ताईची नोकरी. तिनं आकड्याला मोठी जागा दिली. वर एक अट घातली... डिस्कच्या शेवटापलीकडचं काही मागितलं, तर सरळ नकार.

अकरा रेकॉर्डिंग्ज निघाली. आई डोळे पुसत बाहेर गेली.

मग...

स्क्रीनवर एक ओळ उमटली. नकार.

ताईचे हात मांडीवर होते.

पुन्हा नकार.

कुणीतरी शेवटापलीकडची जागा मागत होतं.

तिनं नेटची वायर उपटली. प्रोग्राम बंद करून परत चालू केला.

नकार. नकार.

आणि दर नकारानंतर स्पीकरमधून... खोकला. दबका. बाबांचा.

दुसरं कुणी असतं तर धूम ठोकली असती. ताईनं अट काढून टाकली.

पलीकडे काहीच नसायला हवं होतं. तिथून बारावं रेकॉर्डिंग आलं. त्याची लांबी दर सेकंदाला वाढतीये... अजूनही.

आज सहावा दिवस. आई मावशीकडे गेलीये. ताई खोलीबाहेर येत नाही.

“ती अट परत टाक,” मी मघाशी दारातून ओरडलो.

“वेडा आहेस का? टाकली तर जातील ना ते.” अगदी हळू बोलली. कुणाची झोप मोडू नये तशी.

आणि आत्ता, हे लिहिताना, भिंतीपलीकडून...

“घरात अजून कोण आहे?”

बाबांचाच आवाज.

ताई म्हणाली, “धाकटा आहे.”



मग खुर्ची सरकली. ताई तर खाली गादीवर बसलीये, मी मघाशी दारातून पाहिलंय.

मला निघायला हवं.