ट्रुसची पाटी

सुदर्शनला तुम्ही सगळे ओळखता. हॉलंडमध्ये आर्नहेमला विजेच्या कंपनीत आहे, मोजूनमापून बोलणारा माणूस. तेव्हा सानिका, मध्येच हसायचं नाही. ईशान, तो मोबाईल खाली ठेव.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. आपली वैकुंठ चतुर्दशी. त्याच्या बायकोला, उत्तराला, सातवा महिना होता आणि तिला लाकडी पाळणा हवा होता. जाहिरात सापडली ती पाऊण तासावरच्या एका खेड्यातली. विकणारा हार्मेन नावाचा म्हातारा सुतार. सुदर्शन ऑफिसातून लवकर निघून चारला तिथे पोचला.

पाळणा गाडीत चढवून झाल्यावर हार्मेन म्हणाला, "आलाच आहात, तर आमची दफनभूमी बघून जा. लोक लांबलांबून येतात हसायला."

हसायला? पण खरंच होतं ते. चर्चमागे थडग्यांवर दगड नव्हतेच, रंगवलेल्या लाकडी पाट्या होत्या. सगळ्या हार्मेनने कोरलेल्या. बेकरीवाला स्वतःच्याच भट्टीत डोकं खुपसून बसलाय. डॉक्टर पुढे पळतोय, मागे पेशंट. नगरपालिकेतला कारकून टेबलावर झोपलाय आणि त्याच्या डोक्यावर कबुतराने अंडी घातलीत. खाली दोन ओळींचं यमक. सुदर्शन पोट धरधरून हसत होता.

"आणि ही माझी बायको. ट्रुस."

एक जाडी बाई, हातात बाटली, सायकलसकट पुलावरून कालव्यात पडतेय. बदकं हसताहेत. खाली लिहिलेलं, आपल्या भाषेत सांगायचं तर, 'जन्मभर बडबडली, शेवटी बुडबुडली.'

"सव्वीस वर्षं झाली," हार्मेन म्हणाला. "अजूनही लोक सगळ्यात जास्त इथेच हसतात."

सुदर्शनही हसला. मग त्याने वाकून नीट बघितलं.

"आणि हा मागे कोण?"

"कुठे?"

"हा काय, पुलावर. दोन्ही हात तिच्या पाठीवर..."

"तिथे कुणी नाही. मी कोरलेलंच नाही."

पण होतं. पाटी जुनी, काळवंडलेली. तेवढा माणूस मात्र ताजा कोरलेला, पांढराफटक. भुसा अजून गवतावर पडलेला. त्या माणसाच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली होती. सुदर्शनने नकळत मान वर केली. हार्मेनचा डावा कान...

म्हातारा पाटीकडे बघत होता.

"ती पीत नव्हती," तो म्हणाला. "एक थेंबसुद्धा नाही."



पाच वाजून दहा मिनिटं. अंधार पडलेला. वारा नाही, पाऊस नाही. तरी कुठेतरी पाणी ठिबकत होतं. टप... टप... जवळ येत होतं.

हार्मेनचा उजवा हात वर उचलला गेला. कुणी मनगट धरावं तसा.

"ट्रुस... सांगतो मी सगळ्यांना. उद्याच सांगतो. ट्रुस..."



तो चालू लागला. टाचा मातीत रोवत होता. तरी चालत होता. कालव्याकडे... सुदर्शनने धावत जाऊन त्याचा कोट धरला. ओलाचिंब. बर्फासारखा गार. हातातून सुटला.

आणि काळोखात बाई हसली.

एकदाच. अगदी पोटभर.

सात वाजता पोलिसांना हार्मेन सापडला. काठाशीच, पालथा. तिथे पाणी जेमतेम गुडघाभर. सुदर्शनने पोलिसांना पाटीपाशी नेलं, टॉर्च मारायला लावला. पुलावर कुणी नव्हतं. लाकूड सपाट. पाळणा त्याने त्याच रात्री सुताराच्या दारात परत ठेवला. पण हार्मेन जे बोलला, ते मात्र त्याने गावात झाडून सगळ्यांना सांगितलं.

जूनमध्ये त्याला राहवलं नाही, पुन्हा गेला. सहा आठवडे पाऊस नव्हता. गवत पिवळं पडलेलं, जमिनीला भेगा. ट्रुसच्या पाटीपुढे लोक उभे होते. हसत कुणी नव्हतं.

हार्मेनला कालव्यापासून लांब, चर्चच्या भिंतीलगत उंचावर पुरलं होतं. पाटी कोरणारा दुसरा कुणी नाही, म्हणून नुसतं नाव. आजूबाजूची माती कडकडीत वाळलेली. त्याच्या तेवढ्या सहा फुटांवर मात्र बोटभर जाड, हिरवंगार पाणशेवाळ.

ओलं.