आर्यने फुकट आणलेली तांब्याची नळी

पहिलंच सांगते, हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते. विश्वास ठेवा म्हणून कोणाच्या मागे लागणार नाही. ज्याला हसायचंय त्याने हसावं.

तुमच्या या भुताखेतांच्या पेजवर सगळे रात्रीचं लिहितात. माझं दुपारचं आहे.

मागचा जुलै. टेक्सास, शुगर लँड, वसुधा मावशीचं घर.

मी केया. अठरा वर्षांची. हायस्कूल अर्धवट सोडलं, त्यावरून बाबांशी जोरदार वाजलं, आणि मला वेस्ट विंडसरच्या आमच्या घरून इथे पाठवून दिलं. म्हणे जरा हवापालट. बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर टेंपरेचर, ही हवापालट.

त्यात वादळ येऊन गेलं होतं. लाइट गेले ते दुसऱ्या दिवशीही आले नव्हते. खिडक्यांवर ठोकलेलं प्लायवूड अजून काढलं नव्हतं, त्यामुळे भरदुपारी घरात अंधार. फक्त मागच्या बेडरूमचं काचेचं दार मोकळं होतं. तिथे मावशीचे मिस्टर, चंद्रशेखर काका, झोपून होते. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वॉकरशिवाय उठता येत नव्हतं, आणि वॉकर धरून उभं राहायलाही कोणीतरी लागायचं.

एसी बंद. फ्रिजची घरघर बंद. अर्धी गल्ली ऑस्टिनला पळालेली.

घर असं गप्प असलं की आपण आपोआप कान देऊन बसतो.

माझा मावसभाऊ आर्य कॉलेजातून सुट्टीला आला होता. वय एकवीस, अक्कल नऊ. त्याने मला गराजमध्ये बोलावलं. दार हाताने अर्धं वर केलं होतं, तेवढाच उजेड.

"बघ काय मिळालंय."

तांब्याची नळी होती. बोटाहून जाड, जड, काळवंडलेली. खाली बटन.

"मेक मॉड आहे," तो म्हणाला. "व्हेपिंगचं, ई-सिगारेट."

"तू कधीपासून ओढायला लागलास?"

"अजून नाही. आज सुरू करतोय."

"याच्यापासून? मूर्ख आहेस का?"

मी ओढत नाही. पण शाळा सोडल्यावर एका रिपेअरच्या दुकानात बॅटऱ्या बदलायचे, तिथे ही भानगड बघितली होती. साध्या व्हेपमध्ये चिप असते. गडबड झाली की ती बंद पाडते. यात चिपच नाही. बॅटरी, बटन, आणि तापून वाफ करणारी कॉइल. बटन दाबलं की बॅटरीत असेल तेवढा करंट सरळ कॉइलमध्ये. चुकलात तर मध्ये थांबवणारं कोणी नाही. नवशिक्याने हात लावायची वस्तू नाहीये ती.

"दे इकडे."

मी नळी उघडली. बॅटरी बाहेर काढली आणि माझं डोकंच फिरलं.

"हे दिसत नाही तुला? वरचं प्लास्टिक फाटलंय. कागदाची चकती असते टोकाला, ती पण नाही. आतला पत्रा उघडा पडलाय. जरा कुठे धातूला टेकला की शॉर्ट."

"टेप लावू ना यार."

"तोंडाला लाव."

कॉइल मी मीटरला लावून बघितली. आकडा जवळजवळ शून्य. म्हणजे कॉइल कसली, सरळ तारच. बटन दाबलं असतं तर बॅटरी तिथेच पेटली असती.

मग नळी उलटी केली.

तळाला बारीक भोकं असतात. बॅटरी बिघडली तर आतला गॅस निघून जायला. ती भोकं...

बुजवलेली होती.

मळ साचून नाही. एकेका भोकात गोंद भरून, वरून घासून, गुळगुळीत केलेलं. कोणीतरी बसून, वेळ काढून.

"हे कोणी केलं असेल?" आर्यचा आवाज उतरला.

"ज्याला बाँब पाहिजे होता त्याने. कुठून आणलंस?"

"एक काकू घर रिकामं करत होत्या. मला म्हणाल्या, मराठी का रे? हो म्हटलं तर हा डबाच हातात दिला. पैसे पण नाही घेतले. मुलाचं आहे म्हणाल्या."

"मुलगा कुठंय?"

"विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"त्या रडत होत्या, केया."

मी नळीचे सगळे भाग सुटे करून टेबलावर मांडले. बॅटरी प्लास्टिकच्या डबीत घालून वरच्या फळीवर ठेवली, रंगाच्या डब्यांच्या मागे. रस्ते मोकळे झाले की रिसायकलला द्यायची.

आत मावशी गॅसवर पोहे करत होती. ओट्यावर एक मेणबत्ती.

"मावशी, गराजमध्ये एक बॅटरी आहे. खराब आहे ती. हात लावू नकोस, डेंजरस आहे."

"बरं बाई, नाही लावत," ती म्हणाली. "मी सेल उन्हात ठेवलेत बघ पॅटिओवर. ऊन लागलं की जरा जास्त चालतात."

"आई, सोलर सेल आहेत का ते?" आर्य.

"हस तू. आम्ही असेच चालवायचो."

घरामागच्या पॅटिओच्या कठड्यावर चार पेन्सिल सेल ओळीत मांडलेले होते. मी ते सावलीत घेतले. तीही माझ्यामागून बाहेर आली आणि पुन्हा उन्हात ठेवून गेली. आमच्यात असंच चालतं.

आम्ही बशा घेऊन बसलो आणि गराजमधून आवाज आला...

टक.

आणि लगेच, टिक.

स्प्रिंगचं बटन दाबून सोडल्यासारखा.

आर्यने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

आम्ही गेलो. गराजमध्ये कोणी नव्हतं. पण वास होता. दालचिनीचा, गोड, घशाला चिकटणारा. अर्ध्या उघड्या दारातून ऊन येत होतं त्या पट्ट्यात धूर तरंगत होता. धूर म्हणजे वाफ. पांढरी, जाड, वर जाईना.

आणि टेबलावर...

नळी जोडलेली होती. उभी.

"तू जोडलीस," मी म्हणाले.

"मी तुझ्याबरोबरच होतो ना."

"मग माझ्यामागे येऊन जोडलीस. मस्करी करायची वेळ आहे का ही?"

"आय स्वेअर, केया."

तरी मी त्याला शिव्या घातल्या. नळी परत उघडली. आत बॅटरी नव्हती. तेवढं बघून जिवात जीव आला. आणि या वेळी बटनच काढून माझ्या शॉर्ट्सच्या खिशात टाकलं.

"आता वाजव म्हणावं."

मी हे मोठ्याने बोलले. का बोलले कोण जाणे.

टक.

खिशातल्या बटनावर माझी मूठ होती. ते हललं नव्हतं.

टिक.

आवाज वॉटर हीटरच्या मागून आला. आम्ही तिकडे गेलो. काही नाही.

टक... टिक.

आता गाडीच्या पलीकडून. तिकडे गेलो. काही नाही.

टक... टिक.

आता अर्ध्या दाराबाहेरून, ड्राइव्हवेवरून.

आर्य वाकून बाहेर गेला. मी पण गेले. ऊन असं की डोळे उघडेनात. रस्ता रिकामा. मोडलेल्या फांद्या. आवाज अजून पुढे, मेलबॉक्सपाशी.

आणि तिथे माझं पाऊल थांबलं.

एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. प्रत्येक वेळी आवाज घरापासून लांब लांब जात होता.

"आर्य. परत चल."

"ऐक ना, तिथे काहीतरी..."

"परत चल म्हटलं ना."

मी पळत गराजमध्ये शिरले. रंगाचे डबे बाजूला केले. डबी तिथेच होती, झाकण लावलेली. उचलली तर...

हलकी लागली.

रिकामी.

"खिसे दाखव," मी आर्यला म्हणाले.

"काय?"

"खिसे दाखव, नाहीतर कानाखाली देईन."

त्याने खिसे उलटे केले. गाडीची किल्ली, थोडी नाणी. बॅटरी नाही. तो जवळजवळ रडायला आला होता.

"मी नाही घेतली. देवाशपथ."

मग घेतली कोणी? घरात आम्ही दोघं सोडून दोनच माणसं. एकाला उठता येत नाही.

मी स्वयंपाकघरात धावले. मावशी बशा धूत होती.

"मावशी, तू गराजमधली बॅटरी घेतलीस?"

"नाही गं. तूच म्हणालीस ना, खराब आहे."

"मग डबीतून कुठे गेली ती?"

"डबीत कशी मावेल बॅटरी?" ती हसली. "एवढी मोठी असते."

तिने हाताने माप दाखवलं. मनगटापासून कोपरापर्यंत.

मला एक सेकंद कळेना. मग कळलं.

मावशीच्या भाषेत बॅटरी म्हणजे टॉर्च. मी ज्याला बॅटरी म्हणते, त्याला ती सेल म्हणते. लहान असो, मोठा असो. मी तिला टॉर्चला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं.

"मावशी, सेल. तुला सेल मिळाला का एक? बोटाएवढा जाड?"

"तो होय. मिळाला की. काकांच्या रिचार्जवाल्या बॅटरीत बरोब्बर बसला. यांचा संपला होता ना कालच."

"कुठंय ती?"

"यांच्या उशाशी ठेवली आता. अंधार पडला की उठायला नको."

काकांचा तो टॉर्च सगळा धातूचा. घट्ट फिरवून बंद करायचा. भोक नाही, फट नाही. आत फाटलेली बॅटरी.

मी कधी एवढी पळाले नसेन.

काका पाठीवर झोपले होते, डोळे मिटलेले. टॉर्च उशीला लागून. त्यांच्या कानापासून वीतभरही लांब नाही.

आणि त्यातून...

सूं... असा बारीक आवाज येत होता. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा.

मी हात घातला. तळवा चरचरला. तरी सोडला नाही. आर्यने काचेचं दार सरकवलं आणि मी तो टॉर्च जेवढा जोरात फेकता येईल तेवढा मागच्या गवतात फेकला.

गवतावर पडला. गडगडला. थांबला.

काही नाही.

आर्य म्हणाला, "कदाचित..."

मग फुटला.

मी तसला आवाज परत ऐकला नाही, ऐकायचा पण नाही. टॉर्चचं मागचं झाकण लाकडी कुंपणातून आरपार गेलं. गवत जळलं. पांढरा धूर पॅटिओवर पसरला. धुराला जळक्या प्लास्टिकचा वास असायला पाहिजे होता.

दालचिनीचा होता.

मावशी दारात उभी होती, ओले हात तसेच. मी तिला खुर्चीत बसवलं. माझा हात आर्यने पाण्याच्या बाटलीखाली धरला.

"आई, तू कशाला गेलीस फळीवर हात घालायला?" आर्य म्हणाला.

"मी कुठे गेले गराजमध्ये?" ती म्हणाली. "तुझ्या मित्राने आणून दिला."

आर्यने बाटली खाली ठेवली.

"कोण मित्र?" मी विचारलं.

"तुम्ही दोघं बाहेर गेलात ना, तेव्हा आला. पॅसेजमध्ये होता. अंधारात चेहरा काही दिसला नाही मला. चांगलं मराठी बोलत होता. म्हणाला, काकू, हा सेल घ्या, काकांच्या उपयोगी पडेल."

"मग कुठे गेला?"

"मला वाटलं तुमच्याकडेच गेला. का? नाही आला?"

आर्य तिला आई म्हणतो. मी मावशी म्हणते. या घरात तिला काकू म्हणणारं त्या दुपारी कोणी नव्हतं. तिच्याही ते आत्ता लक्षात आलं असावं. तिने पदर नव्हता तरी खांद्यावरून हात फिरवला, सावरल्यासारखा.

आम्ही घर पालथं घातलं. सगळ्या खोल्या, कपाटं, माळा. पुढच्या दाराला आतून कडी होती. नळीचे तुकडे मी विटेने ठेचले, आणि नंतर आर्यने त्या काकूंचं घर शोधलं. रिकामं होतं. शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, सॉरी, आम्हाला नाही बोलायचं त्यावर. दार लावून घेतलं.

पण त्या दुपारचं अजून एक राहिलंय.

सगळं शांत झाल्यावर मी काकांजवळ बसले. त्यांच्या पांघरुणावर काजळी उडाली होती. ती झटकत मी म्हटलं, "बरं झालं काका, तुम्ही झोपेत होतात."

"झोपलो कुठे होतो," ते म्हणाले. "डोळे मिटून पडलो होतो फक्त. हा गुडघा झोपू देतो का."

"मग टॉर्चचा आवाज नाही आला तुम्हाला?"

"आला ना. मला वाटलं तोच काहीतरी करतोय."

"तो कोण?"

"हा काय, बसला होता की इथे, तू बसलीयेस तिथेच. मी म्हटलं आर्य असेल. म्हणाला, काका, बॅटरी लावून देऊ का हातात? छातीवर धरून झोपा."

मी तिथून उठले.

"मग?"

"मग काय. म्हटलं, कशाला रे, ऊन आहे की एवढं." काकांनी माझ्याकडे बघितलं. "आर्यच होता ना?"

मी हो म्हणाले.

त्या संध्याकाळी लाइट आले. सगळं घर एकदम घरघरायला लागलं. मावशीने देवाजवळ दिवा लावला, आर्यने सगळ्या खोल्यांचे दिवे लावले. काकांच्या खोलीच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, "बाबा, लाइट लावू?"

काका काही बोलले नाहीत.

तो आत आला, अगदी पलंगाजवळ, आणि त्याने परत विचारलं. काकांनी त्याचं मनगट धरलं, चेहरा जवळ ओढून नीट बघितला, आणि मग म्हणाले, "लाव."