बसून घ्या

गाडी धावताना काही तक्रार नव्हती. उभी करून नुसतं इंजिन चालू ठेवलं की मात्र हिव भरल्यासारखी थरथरायची.

कारंज्याच्या हायवेवरच्या गॅरेजात हेमराजने ती कितीदा तरी उघडली होती. प्लग नवे टाकले, इंजिनखालची रबरं बदलली. चालू इंजिनातून एकेक कॉइल काढून पाहिली, तर प्रत्येक वेळी इंजिन लंगडलं, म्हणजे चारही सिलिंडर कामाचे होते. मग हादरे कुठून येत होते, त्याला काही उमगेना.

बरं, ही जुनी गाडी त्यानेच पारखून प्रफुलभाऊजींना, बहिणीच्या नवऱ्याला घेऊन दिलेली. मेव्हणा विकणाऱ्याला सामील होता, असं भाऊजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तेव्हापासून कांता माहेरी आली नव्हती. आज आली, तीही मागच्या सीटवर बसूनच राहिली, पाणी प्यायलाही उतरली नाही. हेमराजला ते फार लागलं.

"आज खरं सांग," भाऊजी स्टिअरिंगवरूनच म्हणाले. "नाईतर कांता पुन्हा कारंज्याले येणार नाई."

हेमराजने बोनेटवर पाण्याचा स्टीलचा गिलास ठेवला. भाऊजींनी गाडी चालू केली. पाणी हललंही नाही.

"कांता, जराशी उतर."

ती उतरली आणि गिलास खडखडायला लागला. ती बसली, गिलास गप्प. तिच्या जागी तिच्याहून जड सरकीचं पोतं ठेवलं, तरी खडखड. पोतं काढून हेमराज स्वतः बसला, तर पुन्हा गप्प.

"सीटखाली काई लावून ठेवलं काय बे तू?" भाऊजींनी डोळे बारीक केले.

हेमराजने उतरून सीट उचलून दाखवली. खाली धूळसुद्धा नव्हती. आता त्याचंही डोकं फिरलं. गॅरेज टाकण्याआधी त्याने आर्वीच्या रस्त्यावर काळीपिवळी चालवली होती, आणि रिकामी सीट दिसली की त्याच्या तोंडात एकच हाक यायची. त्याने मागचं डावं दार सताड उघडलं आणि चेष्टेने ओरडला, "चला आर्वी, आर्वी! बसून घ्या, गाडी सुटून राह्यली."

भाऊजी हसले. कित्येक महिन्यांनी हसले. हेमराजने दार लावलं.

गिलास थांबला.

हेमराजची नजर मागच्या चाकाकडे गेली. गाडी डावीकडून किंचित दबली होती, माणूस बसल्यावर दबते तेवढीच.

"दारच बरोबर लागत नव्हतं तं," भाऊजी उतरून म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अन् मी फुकट तुह्यावर खार खाऊन राह्यलो. दिवाळीले पाठवतो तिले."

गाडी इथंच ठेवा, असं म्हणायला हेमराजने तोंड उघडलं. पण मग भाऊजी पुन्हा काय समजतील? तो एवढंच म्हणाला, "सावकाश जाजा, भाऊजी."

कांता बोनेटवरचा गिलास उचलून पाणी प्यायली. "येतो, दादा," म्हणाली आणि हसली.

तिने नेहमीसारखं डावं दार उघडलं, आत वाकली, आणि हळूच परत लावलं. मग वळसा घालून उजवीकडून बसली. पिशवी मांडीवर घेतली. पदर शेजारच्याखाली दबू नये म्हणून घेतात तसा आवरून घेतला.