कडू विडा

तो मला पहिल्यांदा दिसला तो गुडघाभर ओढ्यात, आणि त्याच्या हातात माझी मच्छरदाणी होती. मंडालेच्या इस्पितळातली नोकरी सोडून, डोंगर तुडवत मी ब्रह्मी लष्कराशी लढणाऱ्या या कारेन सैनिकांसाठी मच्छरदाण्या आणल्या होत्या. त्यातल्या एकीत मासे फडफडत होते.

"हे काय चाललंय?"

"जेवण," तो म्हणाला. "तुम्ही नव्या थरामू ना? डॉक्टरांना मोठा मासा."

हा सॉ था ब्ले, तुकडीचा कमांडर. हसला की गालाला खळी पडायची... मला राग आला, खळीचा जास्त.

मग पावसाळाभर भांडलो. पाणी उकळून प्या म्हटलं, तर म्हणे चव जाते. हिवताप डासांमुळे होतो हे मी घसा फोडून सांगायचे. जवान एकमेकांना सांगायचे, केळी खाल्ली म्हणून ताप आला. आणि हा ताडपत्रीखाली बसून माझ्याकडे टक लावून बघायचा.

"ऐकताय ना?"

"बघता बघता ऐकतोय, थरामू."

शेवटी त्यालाच ताप भरला. गेल्या वर्षी याच तापात तो मरता मरता वाचला होता, आणि आता तुकडी आघाडीच्या चौकीवर निघणार होती. गोळ्या अर्धवट राहिल्या तर ताप तिथे उलटणार, हे नक्की. म्हणून मी समोर उभी राहून गोळ्या द्यायचे. तो गोळी तोंडाशी नेई, पाणी पिई आणि गुणी बाळासारखा विडा लावत बसे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाऊस लागला होता. आता भांडण पुरे, असं वाटलं मला.

"एक विडा द्या."

त्याचा चेहरा उतरला. मागितलेल्या विड्याला कारेन माणूस नाही म्हणत नाही.

"तुम्ही... खाता?"

"आज खाते."

नाइलाजाने त्याने विड्यांचा डबा पुढे केला. मी विडा चावला — कडूजहर. मग डब्यातलं एकेक पान मी उलगडत गेले. प्रत्येकात माझी गोळी.

"ताप उतरला होता माझा," तो पुटपुटला. "वर चौकीवर पोरं फणफणलीयत. त्यांच्याकडे काहीच नाही."

"अर्ध्या गोळ्यांनी ना ती बरी होणार, ना तू." अहो-जाहो कधी गळलं, कळलंच नाही. "मी इथे अनोळखी माणसं वाचवायला आले होते. आणि तू... माझं प्रेम बसलंय तुझ्यावर, आणि मला त्याचा भयंकर वैताग आलाय."

त्याने डब्याचं झाकण लावलं.

"मला वाटायचं, तू चिडलीयस माझ्यावर."

"चिडलेच आहे." मी औषधांची पेटी भरायला घेतली. "चौकीवर मी येतेय. पोरांना पूर्ण गोळ्या मी देईन. तू तुझ्या घे, पहिल्यापासून."

"तिथे लष्कराची विमानं येतात, बॉम्ब टाकायला. तुला काही झालं तर... मला तू हवीयस. धडधाकट."

"मलाही तू तसाच हवायस. मग?"

त्याने हात पुढे केला. मी गोळ्या दिल्या, त्याने गिळल्या.

"आ कर."

त्याने आ केला. विड्याने काळवंडलेले दात, लालभडक जीभ. जिभेखालीही नीट पाहिलं, गालात बोट घालून पाहिलं. काही नव्हतं. मग मी त्या कळकट तोंडाचा मुका घेतला.